रमाबाई गावाला गेल्या

दिवाळीनंतर बायको, रमा, गेली आणि खांदा कॉलनीतल्या दोन खोल्यांत कमलाकर कर्णिक एकटे उरले. त्यांना रडू आलं नाही. माणसं बोलायची ते दूरवरून आल्यासारखं ऐकू यायचं. डबा लावला होता. त्यातला तेलकट बटाटा दोन घास खाऊन ते झाकून ठेवत. डॉक्टर म्हणाले, "साखर वाढलीय. कोबी, फ्लॉवर खा. हंगाम आहे, स्वस्तही मिळेल."

म्हणून ते पनवेलच्या बाजारात गेले. रमा नेहमी गुणाबाईकडूनच भाजी घ्यायची.

"बाई नाय आल्या?" गुणाबाईने विचारलं.

"गेल्या."

"गावाला?"

"हो," कमलाकर म्हणाले. तेच सोपं होतं.

त्यांनी उचललेला कोबीचा मोठा गड्डा गुणाबाईने काढून घेतला. "यो पोकळ हाय. बारका दिसतो पन हाताला जड लागतो, तो घ्या. पावसात याचेच चाळीस पडतात, आता पंधरा. थंडीत गोड पन लागतो." नवलकोलही तिनेच निवडून दिले, मुठीएवढे, मोठ्यांत दोरे असतात म्हणाली.

मग ते दर गुरुवारी जाऊ लागले. भिजवलेली चणाडाळ घालून कोबी करायचे. दोनदा करपला, नंतर जमला. चव कळत नव्हती, पोट भरत होतं. डबा बंद केला. साखर उतरल्याचा रिपोर्ट आला, तो त्यांनी खणात टाकला. गुणाबाई दर वेळी विचारायची, बाई कधी येणार? ते म्हणायचे, पुढच्या महिन्यात.

फेब्रुवारी संपता संपता तिने फ्लॉवरवरचा त्यांचा हात अडवला. "पिवळा पडलाय, नका घेऊ. बाई कवा येतील?"

"नाही येणार. दिवाळीनंतरच वारली ती."

गुणाबाईचा हात तराजूवर थांबला. "मग मना सांगितलं का नाय?"

"तुम्ही तिची चौकशी करायचात. दुसरं कोणी करत नव्हतं."

तिने पदराने डोळे पुसले. कमलाकर बघत उभे राहिले. त्यांचे डोळे कोरडेच होते. थोड्या वेळाने तिने पिशवीत गवार घातली.

"ही कशी करायची?" त्यांनी विचारलं.

ती सांगू लागली: शिरा काढायच्या, ओवा घालायचा, झाकण ठेवायचं. अर्धं त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.