फ्रीझरच्या दारासमोरचा बेस

रत्नागिरीत इंटरकॉम आणि कॉर्डलेस फोन बसवायचं काम मी आणि माझा मेहुणा मिळून करतो. काही वर्षांपूर्वी बंदराजवळच्या एका मासळीच्या कारखान्यात आम्हाला बोलावलं होतं. तिथे आत मोबाइल न्यायला बंदी, म्हणून मालकांना सगळीकडे चालतील असे कॉर्डलेस हवे होते. बेस म्हणजे भिंतीवर लावायची वहीएवढी पेटी. हातातला फोन तिच्यामार्फत बोलतो. दोन बेसमध्ये भागवा, एक माझ्या केबिनमध्ये, एक पॅकिंगच्या हॉलमध्ये, असं मालक म्हणाले होते.

बेसची जागा चालून बघूनच ठरते. मेहुणा एखाद्या प्लगला बेस जोडून तिथे ऐकत थांबतो, मी हँडसेट कानाला लावून आकडे मोजत इमारतभर हिंडतो. आवाज तुटला की तो कागदावर फुली मारतो, प्लग काढतो आणि पुढची जागा बघतो. जांभ्याच्या भिंतीतून आवाज बऱ्यापैकी जातो. पत्र्यातून जात नाही, आणि फ्रीझरची खोली म्हणजे चारही बाजूंनी पत्रा.

फ्रीझर आम्ही जेवणाच्या सुट्टीसाठी ठेवला होता, कारण दार बंद करून बघायचं तर माल ने-आण करणारे मध्ये नकोत. माझ्याबरोबर तिथली सुपरवायझर आली. पन्नाशीची, बुरोंडीकडची बाई. सगळे तिला ताई म्हणत. खुंटीवर एकच जाकीट होतं, बाकीची धुवायला गेली होती. तिने ते मला दिलं. स्वतः स्वेटर आणि एप्रनवर आत आली. दोन मिनिटांचं तर काम, म्हणाली.

दार ओढून घेतलं तसे फोनमध्ये तीन बीप झाले आणि आवाज गेला. अपेक्षितच होतं. चला, म्हणालो. ताईने दाराच्या आतला खटका दाबला. तो हलला नाही. मी दाबला, मग दोघांनी मिळून दाबला. त्याच्या भोवती बर्फ धरला होता. शेजारी घंटेचं बटण होतं, ते दाबलं. ते गेले कित्येक दिवस बंद आहे, हे ताईने मला तेव्हा सांगितलं.

मग माझ्या लक्षात आलं की बाहेर मेहुण्याने आता फुली मारली असेल आणि प्लगही काढला असेल. तो दुसरीकडे बेस जोडेपर्यंत माझ्या हातातला फोन नुसतं खेळणं होता. मी रेंगाळतो हे त्याला ठाऊक, त्यामुळे अर्धा तास तरी तो मला शोधणार नव्हता. कामगार सगळे पलीकडच्या शेडमध्ये जेवत होते.

थंडी मला तेव्हा कळली. नाकात श्वास टोचायला लागला. वरचा पंखा सुरू झाला आणि त्या आवाजात मी ओरडलो तर मलाच माझं ऐकू येईना. दार वीतभर जाड. ताईने म्हाकुलांचा रिकामा क्रेट उचलून दारावर आपटला, पुन्हा आपटला. मग हात काखेत घालून ती येरझाऱ्या घालू लागली.

"दादा, उभे ऱ्हाऊ नका," ती म्हणाली. "चालत ऱ्हावा. काय होणार नाय."

तिचे ओठ काळपट पडले होते. जाकीट काढून द्यावं असं मनात आलं, चेनपाशी हातही गेला. मी ते काढलं नाही. तिला सवय असेल, असं स्वतःला सांगितलं. आजही हे लिहिताना मला त्या थंडीपेक्षा या गोष्टीची जास्त लाज वाटते.

मी भिंतीला हँडसेट लावत लावत फिरलो. जिथून पाइप बाहेर जातात तिथे क्रेटवर चढून बघितलं. काही नाही. बोटं वळेनात, फोन दोनदा हातातून पडला. मुलीची परीक्षा, गाडीची चावी कुठे ठेवली, असलं काहीबाही डोक्यात येत होतं. मी पुन्हा दारापाशी आलो आणि फोन वाजला.

"भावजी, मोजताय ना?"

"दार उघड. फ्रीझरचं. आम्ही आत—" एवढंच म्हणालो आणि पुन्हा बीप झाले.

त्याने किती ऐकलं, काय समजला, काही कळायला मार्ग नव्हता. सगळ्यात जास्त भीती मला त्या वेळी वाटली, आशा लागल्यानंतर. ताई थांबली होती. मी तिला म्हणालो, चाला.

दार उघडलं. मेहुण्याने बेस हात धुवायच्या बेसिनजवळच्या प्लगला, दारापासून चार पावलांवर जोडला होता. त्याला फक्त 'दार' एवढंच ऐकू आलं होतं. घड्याळात पाहिलं तर सगळी मिळून अकरा मिनिटं झाली होती.

ताई माल चढवायच्या फलाटावर उन्हात बसली. बोटं पांढरी पडलेली. मी जाकीट तिच्या खांद्यावर घालायला गेलो.

"आता उन्हात कशाला?" ती म्हणाली. रागाने नाही, पण माझ्याकडे न बघता.

मी तसाच मालकांकडे गेलो. तिसरा बेस फ्रीझरच्या दारासमोर लागेल, एक हँडसेट कायम आत राहील, आणि खटका व घंटा दुरुस्त झाल्याशिवाय आम्ही कामाला हात लावणार नाही, असं सांगितलं. ते काही बोलणार तेवढ्यात ताई दारात आली. घंटेचं मी दोनदा सांगितलं होतं, एवढंच म्हणाली. मालकांनी मान्य केलं.

आठवड्याभराने बेस लावला, पण चाचणीला आत जायला माझं पाऊल उचलेना. ताईच जाकीट घालून गेली. मी बाहेर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा होतो. फोनमध्ये तिचा आवाज स्वच्छ आला.

"ऐकू येतंय. खटका मीच दाबून बघते, तुम्ही उघडू नका."

मी मूठ सोडली. आत खटका वाजला आणि दार उघडलं.