गवतातल्या चिंध्या

बंगळुरात बनशंकरीच्या पुढे, अपार्टमेंट संपून पालेभाज्यांचे मळे लागतात तिथून एक लहानशी नदी वाहते. कित्येक वर्षं सगळे तिला गटारच म्हणायचे. मग काठावरच्या लोकांनी मिळून एक समिती केली. आमच्यासारखे फ्लॅटवाले, मळेवाले, गाईंसाठी गवत कापणारे आणि गळ्यात दुर्बिणी अडकवून फिरणारे पक्षीवेडे, सगळे तिच्यात. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला. मला घेतलं, कारण नियम लिहायची मला भारी हौस.

मळ्यांना पाणी किती, गवताचा कुठला पट्टा कोणाचा, हे सगळं बसून ठरलं. पाणकोंबड्या त्याच गवतात अंडी घालतात, म्हणून एक कलम जास्तीचं टाकलं: घरट्याला धक्का लागला तर त्या माणसाचा पट्टा हंगामभर बंद. हे कलम माझं. तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो.

पुलाजवळचा पट्टा एका अक्कांचा होता. तीन गाई होत्या त्यांच्याकडे. एकदा मला फोनवर बोलताना ऐकून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आमचं पण मराठीच की, अण्णा." त्यांच्या किती पिढ्या इथे गेल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या दिवसापासून दूध त्यांच्याकडूनच घ्यायला लागलो.

रविवारी आम्ही काठ साफ करायचो. कचरा दिसला की माझं डोकं फिरतं. त्या रविवारी अक्कांच्या पट्ट्यात जुन्या साडीच्या चिंध्या दिसल्या, गवताच्या बुडख्यांना गुंडाळलेल्या. पुरात वाहून अडकल्या असतील, असं धरून मी चिखलात उतरलो आणि एकूण एक सोडवून पोत्यात भरल्या. पोत्याशेजारी उभा राहून काढलेला फोटो समितीच्या ग्रुपवर टाकला. भरपूर अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी गवत कापायची पाळी अक्कांच्या सुनेची होती. तिच्या विळ्याखाली तीन घरटी गेली. एका पक्षीवेड्याने फुटलेल्या अंड्यांचा फोटो टाकला आणि संध्याकाळच्या आत नियमाप्रमाणे पट्टा बंद झाला. बंदीचा फलकही मीच लावला.

मंगळवारी अक्का त्या फलकापाशी उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "घरटं दिसलं की तिथं चिंधी बांधते मी. सून ते बघून सोडून कापतंय. चिंध्या कोण काढलं की, अण्णा?"

"बघतो, चौकशी करतो," एवढंच मी म्हणालो आणि निघून आलो. खरं सांगायचं तर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. दोन आठवड्यांनी बैठक होती. तिथे सगळ्यांसमोर नीट सांगू, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे पुढे ढकललं. मधल्या दिवसांत दूध घ्यायला बायकोला पाठवलं.

बैठकीत सांगितलं, तेव्हा ते अजिबात अवघड गेलं नाही. कोणी रागावलं नाही, उलट एका मळेवाल्याने प्रामाणिक माणूस म्हणून माझी पाठ थोपटली. बंदी तिथल्या तिथे उठली. यापुढे घरट्यांच्या खुणा कापणाऱ्यांनीच करायच्या आणि त्यांना इतरांनी हात लावायचा नाही, असंही ठरलं. मी फुशारकीतच अक्कांकडे गेलो.

गोठ्यात एकच गाय होती.

"परवा विकून दिल्या दोन," अक्का म्हणाल्या. "गवत नाही म्हटल्यावर ठेवून काय करू?"

"अक्का, चिंध्या मी काढल्या होत्या."

"ठाऊक आहे की. पट्टा बंद झालं त्या रात्री सून तुमचा फोटो दाखवलं."

"मग मला विचारलंत कशाला?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शेण भरायला पाटी उचलली आणि एका गाईला स्वल्प गवत पुरतं, रोज कापायला जायला नको, असं सुनेला सांगितलं. मी घरी आलो.

आता पुलाजवळचं गवत छातीपर्यंत वाढतं. पाणकोंबड्यांची पिल्लं यंदा इतकी झाली की लांबलांबून लोक बघायला येतात, शाळांच्या सहली येतात. माहिती द्यायला समिती मलाच उभं करते. सगळ्यांनी मिळून नदी कशी जगवली, ते मी सांगतो. इथेच इतके पक्षी कसे, असं कोणीतरी विचारतंच. मी म्हणतो, या पट्ट्यात आता फारसं कोणी गवत कापत नाही. ऐकून लोक टाळ्या वाजवतात.