स्वप्नाने अडवलेली पिशवी

स्वप्ना आमच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. भारी हट्टी. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, असं मी, इथला कारकून, बारा वर्षं म्हणत आलोय.

त्या दिवशी देवबागचा शिवा प्लेटलेट न्यायला आला. बायको विनीता डेंग्यूने अत्यवस्थ, हिरड्यांतून येणारं रक्त थांबेना. पेढीत एकच पिशवी उरलेली. देण्याआधी स्वप्नाने ती उजेडात धरून हलवली. चांगल्या पिशवीत धुरासारखी झळाळ फिरते. हिच्यात काहीच फिरेना. जंतू शिरले की असं होऊ शकतं.

"ही देता येणार नाही. गोव्याहून मागवते, तीन तास लागतील."

"माजी बायल थंय मरता आणि तू पिशयेत काय बघतंस गो?" शिवाने टेबलावर मूठ आपटली.

विनीताच्या डॉक्टरांचा फोन आला. संशय आहे की खात्री? "संशय," ती म्हणाली आणि पिशवी कुलपात ठेवली. मलाही तिचा राग आला, खोटं कशाला सांगू?

गोव्याची पिशवी वेळेत पोचली, विनीता वाचली. अडवलेल्या पिशवीतला नमुना स्वप्नाने तपासणीला लावला होता. दुसऱ्या दिवशी त्यात जंतू वाढलेले दिसले. "जिंकलीस!" मी म्हणालो. ती वहीत पिशवीचा नंबर शोधत होती. सापडला तसं तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

ते रक्त वालावलच्या रक्तदान शिबिरात तिनेच काढलेलं. रक्तदाते होते दाजी, तिचे शाळेतले गुरुजी. त्यांचा हात औषधाने पुसून झाल्यावर ते बोलले, तेव्हा तिने आवाज ओळखला. हातमोज्यांसकट त्यांच्या पाया पडली आणि त्याच बोटांनी पुसलेल्या जागी पुन्हा शीर चाचपली. जंतू तिथूनच शिरले असणार. आपल्याकडे गुरुजींच्या पाया कोण पडणार नाही?

"कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं. तिने चुकांच्या नोंदवहीत स्वतःचं नाव लिहिलं.

आठवड्याने शिवा सुरमई घेऊन आला. तिने त्यालाही सगळं सांगून टाकलं. त्याने सुरमई उचलली आणि निघून गेला. त्या दिवशी स्वप्ना जेवली नाही.

पुढचं शिबिर देवबागला होतं. रांगेतून शिवा आला, बाही सारून तिच्यासमोर बसला.

"नीट पूस गो. आणि माज्या पायां पडू नको."

स्वप्नाने हात पुसला, औषध सुकेपर्यंत घड्याळात तीस सेकंद मोजले आणि शिरेला पुन्हा बोट न लावता सुई घातली. तिचे डोळे भरलेले मला दिसले. हात मात्र हलला नाही.