समासातले तीन शब्द

"खोड ते," चिटणीस म्हणाले.

खोडरबर त्यांनी टेबलावर टाकलं. माझ्या हातात दिलं नाही. मी ते उचललं. वाचनालयाच्या त्या लांब टेबलाभोवती सात-आठ जण बसलेले. सगळ्यांनी वाचायची वर्तमानपत्रं खाली केलेली. पुस्तक उघडून माझ्यापुढं सरकवलेलं. पानाच्या कडेला, समासात, निळ्या पेन्सिलीनं लिहिलेले तीन शब्द. हे खरं आहे.

अक्षर माझं होतं.

चिटणिसांनी ते आधीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. एकेक शब्द सुटा करून, नक्कल करावी तसं. लोक हसले होते. मग त्यांनी मला विचारलं की तू पुस्तकं शिवतेस ना, मग ती वाचायला तुला सांगितलं कोणी. वर म्हणाले, "चांभार जोडा शिवतो. पायात घालून मिरवत नाही."

पुन्हा हसणं. एक म्हातारे गृहस्थ हसले नाहीत. पण त्यांनी मानही वर केली नाही.

मी खोडलं. निळी पेन्सिल नीट खोडली जात नाही. रंग पसरला. मी आणखी घासलं तसा कागद तिथं पातळ झाला. चिटणीस म्हणाले की जपून, पुस्तक खराब होईल.

त्या खोलीत मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाय ठेवला होता. किसन शिपाई घरी आला आणि तुला आत बोलावलंय म्हणाला, तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी धुतलेलं लुगडं नेसून गेले होते. हे सांगायची अजून लाज वाटते. पण सांगते.

माझं माहेर घोडेगावच्या बाजूला. आम्ही मांग. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि आम्ही ख्रिस्ती झालो, पण गावाच्या लेखी मांगच राहिलो. बाप घायपाताचे दोर वळायचा, घोडेगावच्या बैलबाजारात कासरे आणि दावी विकायचा. आमच्यात एक झालं, मिशनच्या शाळेत पोरींनाही घातलं. मी सातवी पास झाले. मग लग्न झालं आणि शाळेत शिकलेलं सगळं पाटीसकट माहेरी राहिलं.

नवरा पुस्तकं बांधायचा. मिशनच्या छापखान्यात तो हे काम शिकला होता. तालुक्याच्या गावात आमची एक खोली. अर्ध्या खोलीत चूल, अर्ध्या खोलीत पुठ्ठे, खळीचं भांडं आणि पानं दाबायचा लाकडी शिकंजा. शाळांच्या वह्या, कचेरीची रजिस्टरं, आणि वाचनालयाची फाटकी पुस्तकं. वाचनालयाचं काम मोठं. त्यावरच घर चालायचं. पुठ्ठा चढवणं, कापणं त्याच्याकडं. शिवण माझ्याकडं. दोर वळणाऱ्याची लेक, सुईदोरा हातात बसायला वेळ लागला नाही.

फाटकं पुस्तक बांधायचं म्हणजे आधी ते उसवायचं. सोळा-सोळा पानांचे गठ्ठे सुटे होतात, त्याला फर्मा म्हणतात. मग पानांचे आकडे बघून फर्मे ओळीनं लावायचे आणि एकेक शिवत जायचं. आकडे बघणं हे माझं काम. पहिलं वर्ष मी नुसते आकडे बघितले. खरंच. आकड्याच्या वर मजकूर असतो हे जणू ठाऊकच नव्हतं. सातवी पास बाई, आणि तिला छापलेलं पान म्हणजे शिवायचा कागद.

मग एकदा एका पानावर आकडा फाटलेला होता. फर्मा कुठं लावायचा कळेना. म्हणून शेवटची ओळ वाचली आणि दुसऱ्या फर्म्याची पहिली ओळ वाचली. जुळते का बघायला. जुळली. एक माणूस विहिरीत उतरत होता, पुढच्या पानावर त्याच्या पायाला पाणी लागलं. मी सुई खाली ठेवली. तो वर आला का, हे बघितल्याशिवाय मला दुसरं काही सुचेना. भाकरी करपली.

तेव्हापासून सुरू झालं. शिवता शिवता वाचायचं. एक टाका, दोन ओळी. नवऱ्याच्या लक्षात आलं की काम हळू होतंय. तो ओरडला. मग मी शिवायचा वेग वाढवला आणि वाचायचाही. पण त्यात एक फास होता. पुस्तक पुरं शिवलं की ते जायचं. माझं वाचणं अर्ध्यात असो की शेवटाला, गठ्ठा डोक्यावर घेऊन मीच ते पोचवून यायची. कितीतरी माणसं मी अशी अर्ध्या वाटेवर सोडून आले. कुणाचा खटला चाललेला, कुणाची बोट बुडायला लागलेली. घरी येऊन पीठ मळताना त्यांचं पुढं काय झालं असेल याचा विचार करायची. विचारणार कुणाला? नवऱ्याला अक्षरओळख होती, पण त्यानं शिवणीपलीकडं पुस्तक कधी पाहिलं नाही.

दुष्काळाचं साल लागायच्या आधी ते पुस्तक आलं. एका मोलकरणीची गोष्ट. लहानपणापासून एकाच मोठ्या घरात राबलेली बाई. मालकीण तिला जुनी लुगडी द्यायची, सणाला गोडधोड द्यायची, आल्यागेल्याला सांगायची की ही आमच्या घरचीच आहे. मला ती मालकीण आवडली. मी मनात म्हणायची, नशीबवान आहे बाई. मग त्या घरात लग्न निघतं. ती चार दिवस राबते. पाचव्या दिवशी तिला पत्रावळ देतात ती गोठ्यात. गोठ्यात बसून ती त्या घराकडं बघते आणि तिच्या मनात येतं की मला घरची म्हणणाऱ्यांनी इतक्या वर्षांत मला एकदाही घरात बसवलं नाही.

मी तिथं थांबले. सुई कापडात खोचली.

वाचनालयात मी गठ्ठा घेऊन जायची ती मागच्या दारानं. दारात किसन तांब्या घेऊन उभा राहायचा. वरून पाणी ओतायचा, मी ओंजळ करून हात धुवायची. मग पडवीत पसरलेल्या पोत्यावर गठ्ठा ठेवायचा. किसन त्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि पुस्तकं आत न्यायचा. चिटणीस कधी पडवीत आले तर हसून म्हणायचे, "ही आपलीच माणसं आहेत, यांच्यामुळं वाचनालय उभं आहे." मला ते ऐकून आनंद व्हायचा. चार वर्षं मी तिथं हात धुतले आणि मला त्यात काही दिसलं नाही. खळीचे हात असतात, धुवायला सांगतात, एवढंच वाटायचं. पण घरून मी हात धुऊनच निघायची. आणि ज्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावरून माझी बोटं फिरलीत, त्याला पाणी लावून काय धुतलं जात होतं? हा प्रश्न चार वर्षांत मला पडला नव्हता. तो त्या पानावर पडला.

पुठ्ठ्यावर खुणा करायची नवऱ्याची निळी पेन्सिल बाजूला पडली होती. मी समासात लिहिलं. पुस्तकात लिहू नये हे मला कळत होतं. पण कुणाशी तरी बोलायलाच हवं होतं, आणि त्या वेळी माझ्याशी बोललेलं ते पानच तेवढं होतं.

पुढं ती बाई पत्रावळीवरून उठते. आणि फर्मा संपतो. पुढचा फर्मा पुस्तकात नव्हताच. नवऱ्यानं वाचनालयात तसं कळवलं, तर चिटणीस म्हणाले, तसंच बांधा, ते पुस्तक कुणी नेत नाही. तसंच बांधलं. ती उठली, आणि लगेच सोळा पानं पुढं ती दुसऱ्याच गावात होती. उठून ती काय म्हणाली, कुणाला म्हणाली, ते मला कधीच कळलं नाही.

कुणी नेत नाही म्हणाले ते पुस्तक चिटणिसांनीच उघडून पाहिलं. ते नुकतंच माझ्या हातून शिवून आलेलं, म्हणून मला आत बोलावलं.

खोडून घरी आले तेव्हा नवऱ्याला सगळं कळलेलं होतं. त्यानं मारलं नाही. तो म्हणाला, "आपलं काम शिवायचं हाय. त्यांनी काम बंद केलं तर खायाचं काय?" खरंच होतं ते. दुसऱ्या दिवसापासून त्यानं फर्मे लावायचं काम स्वतःकडं घेतलं. मला पालथे करून द्यायचा, शिवणीची कड तेवढी माझ्याकडं. मी दिवसभर पुस्तकांच्या पाठी शिवायची. त्या खोलीत एकच खिडकी, ती पुठ्ठ्यांनी झाकलेली. चारी बाजूंनी पुस्तकं, आणि वाचायला बंदी. तहानलेल्याला विहिरीत बांधून ठेवावं, तसे ते दिवस गेले.

पण एकदा दिसलेलं परत झाकता येत नाही. भाकरी थापताना दिसायचं, दळताना दिसायचं. तो तांब्या, ते पोतं. माझ्या आईनं गावात आयुष्यभर दुरून झेललेलं ताक. बापाचा दोर हातात न घेता काठीनं उचलणारा पाटील. सगळं आधी बघितलेलंच. आता ते वाचता यायला लागलं.

पुढचा गठ्ठा तयार झाला. मी डोक्यावर घेतला आणि मागच्या दाराशी गेले. किसननं तांब्या उचलला.

"नगं," मी म्हणाले. "मी धुवून आले."

त्याला वाटलं मी विसरले. तो पुन्हा म्हणाला, "बाई, वंजळ कर. असं न्हाई चालत." माणूस वाईट नव्हता. मी त्याला वळसा घालून पडवीतून आत गेले. उंबरा ओलांडताना धडपडले. चिटणिसांच्या टेबलावर गठ्ठा ठेवला. मोजून घ्या, मी म्हणाले. त्यांनी पुस्तकांना हात लावला नाही. माझ्याकडंही बघितलं नाही. किसनला सांगितलं की हिच्या नवऱ्याला सांग, उद्यापासून काम बंद.

मग दुष्काळ पडला. शाळांच्या वह्याही बंद झाल्या. आम्ही दोघं सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. नवऱ्याच्या बोटांत कसब होतं. हातोड्यानं महिन्याभरात बोटं सुजली, वाकेनात. तो बोटांकडं बघायचा आणि मग माझ्याकडं. ते बघणं फार जड होतं. मला कितीदा वाटलं, धुतले असते हात तर काय झालं असतं? पाणीच तर होतं. आणि त्या दिवसांत पाणी तरी कुठं होतं.

पाचेक महिन्यांनी किसन आम्हाला शोधत खडीच्या कामावर आला. चिटणिसांनी बोलावलंय म्हणाला. सोमवारी बाजारचा दिवस, कामाला सुट्टी. आम्ही दोघं गेलो. मागच्या दारानंच.

चिटणीस पडवीत खुर्ची टाकून बसले होते. गोड बोलले. नवा बांधणारा अडाणी निघाला, पानं कापताना अक्षरं कापली, असं सांगितलं. काम परत देतो म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले की तुला वाचायची आवड आहे हे आम्हाला आधी कळलं असतं तर एवढं झालंच नसतं. तुझ्या नवऱ्याच्या नावानं पुस्तक देऊ. किसन घरी आणून देईल, घरून घेऊन जाईल. "तुला इथवर यायचं कारण नाही. आणि गठ्ठा आणताना मात्र पूर्वीसारखंच. कमिटीचा नियम आहे, माझा नाही."

त्यांच्या मागं उघड्या दारातून कपाटं दिसत होती. मी बांधलेल्या पाठी मला लांबून ओळखू येत होत्या. नवरा माझ्याकडं बघत होता. हो म्हण, असं त्याचं सगळं अंग सांगत होतं. आणि खरं सांगते, माझंही सांगत होतं. पुस्तक घरी येणार होतं. अर्ध्यात टाकलेली सगळी माणसं परत भेटणार होती. एक शब्द बोलायचा होता.

पण त्याच पुस्तकांनी मला तो तांब्या दाखवला होता. तो पुन्हा न दिसल्यासारखं करायचं आणि मग वाचायचं? तसं वाचण्यापेक्षा मी पालथे फर्मे शिवत होते तेच बरं.

मी किसनकडं कागद मागितला. चिटणिसांना वाटलं, हिशोब लिहितेय. मी पडवीत बसून अर्ज लिहिला. माझ्या नावानं. मला सभासद करून घ्यावं, मी पुढच्या दारानं येईन, टेबलाशी बसून वाचीन. एवढंच. त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी वाचला. कान लाल झाले. असं करता येत नाही म्हणाले.

"मग तसं लिवून द्या," मी म्हणाले. "खाली सही करा."

"असं लिहून देत नसतात."

"का देत न्हाई, साहेब?"

पेन त्यांच्या खिशाला होतं. हात तिकडं गेला आणि परत मांडीवर आला. तेवढ्यात मला दिसलं, हा माणूस कागदाला भितोय. माझ्या तोंडावर, सात-आठ जणांसमोर, त्यानं वाटेल ते म्हटलं होतं. पण तेच नावगाव घालून, सही करून लिहायचं म्हटलं तर त्याचा हात उचलत नव्हता.

वाटेत नवरा म्हणाला, "आता खडीच फोडायची जन्मभर." मी म्हणाले, फोडू. तो पुढं निघून गेला. दोन दिवस त्यानं माझ्या हातचं खाल्लं नाही.

पुढच्या सोमवारी मी दुसरा अर्ज लिहिला. शब्द तेच. पुढच्या दारानं गेले. वाचणारे वर बघू लागले, मी उभी राहिले. घ्यायला कुणी हात पुढं केला नाही, म्हणून टेबलावर ठेवला. मला तिथं कुणी बोलावणार नव्हतं, हे मला माहीत होतं. पण माझं दार बंद करणाऱ्यानं ते तोंडानं बंद करून नामानिराळं व्हायचं नाही. त्यानं नाही म्हणायचं, ते शाईनं म्हणायचं, आणि का नाही तेही लिहायचं, म्हणजे ज्याला वाचता येतं त्याला ते वाचता येईल. तो कागद हातात पडेपर्यंत दर सोमवारी मी जाणार होते.