माफी चारचौघांत

वसुधाताई कॉम्प्युटरच्या कोडला रागवायच्या. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. "काहून रे बाबा, एकच गोष्ट दहा जागी काहून लिहून ठेवली?" असं त्या स्क्रीनकडे बोट रोखून विचारायच्या आणि माझ्या दुकानात लग्नपत्रिका करायला आलेलं गिऱ्हाईक दचकायचं.

मी पत्रिका आणि फ्लेक्स डिझाइन करतो, तेही कुणालाही कोड उघडून सुधारता येईल अशा मोफत सॉफ्टवेअरवर. त्यात चित्र दुसऱ्या स्क्रीनवर सरकवलं की धूसर व्हायचं. मी वेबसाइटवर तक्रार टाकली, तर उत्तर चक्क आमच्याच शहरातल्या हुडकेश्वरहून आलं. आईच्या आजारपणासाठी कंपनी सोडून घरी बसलेल्या ताई ते सॉफ्टवेअर सुधारणाऱ्या गटात बिनपगारी काम करत. बिघाड डोळ्यांनी पाहायला त्या स्कूटीवरून दुकानात आल्या.

स्क्रीन केवढी, तिचे ठिपके किती बारीक, हे विचारणारा कोड जागोजागी वेगळा लिहिलेला होता. एकीकडे नीट केला की दुसरीकडे बिघडायचा.

"ठिगळावर ठिगळ लावून राहिले हे लोक," ताई म्हणाल्या. "भाऊ, मी पूर्ण उसवते अन् नव्यानं शिवते."

उन्हाळाभर कूलरसमोर बसून त्यांनी ते सगळं एका जागी आणलं. माझ्या दोन्ही स्क्रीनवर चित्र लख्ख दिसू लागलं.

मग गटाचे प्रमुख केदार सर मध्ये पडले. नवी आवृत्ती निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी कुणालाही न विचारता, न तपासता त्यात स्वतःच्या कोडचा एक तुकडा घुसडला. लोकांचं सॉफ्टवेअर उघडताक्षणी बंद पडू लागलं. ऑनलाइन बैठकीत सर सगळ्यांसमोर म्हणाले, "वसुधांनी चालत्या गोष्टीला हात लावला, त्याचं हे फळ."

वापरणारा म्हणून मीही त्या बैठकीत होतो. ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी सरांचा तुकडा काढून दाखवला, सॉफ्टवेअर चाललं. परत घातला, बंद पडलं.

"दिसलं का, सर?"

सरांनी बैठक आटोपती घेतली. इतकी माणसं, आणि ताईंच्या बाजूनं एकही नाही!

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात असताना सरांचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावला.

"सॉरी हं. आता विषय वाढवू नका."

"चारचौघांत नाव घेतलं ना माझं? मंग माफीबी चारचौघांत मागा."

"तुम्ही फार चिडता बुवा."

"खोटं तुम्ही बोलले, अन् चिडकी मी?"

माफी आली नाही. ताईंनी तो बिघाड दुरुस्त केला आणि मगच गट सोडला. मी म्हणालो, "पडू द्यायचं होतं बंद." त्या माझ्यावरच उखडल्या. "वापरणाऱ्या लोकायनं काय बिघडवलं गा?"

पुढच्या पावसाळ्यात डेंग्यूनं ताई गेल्या. गटाच्या पानावर शोकसंदेश आला: 'स्वभाव तिखट, पण काम चोख.' खाली केदार सरांचं नाव. माझं डोकंच फिरलं. मी त्याखाली घडलेलं सगळं लिहिलं, त्या बैठकीतल्या वाक्यासकट.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "गेलेल्या माणसाच्या नावानं वाद कशाला? काढून टाका ते."

"जिवंत होत्या तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलं होतं, चारचौघांत माफी मागा म्हणून," मी म्हणालो. "तेव्हा का नाही मागितली?"

त्यांनी फोन ठेवला. मी मजकूर काढलेला नाही. काढणारही नाही.