मुफीदामावशीचे तीन इन्शाल्ला

माझी मावशी मुफीदा दवाखान्यात सह्या घेते. बावीस वर्षं घेतेय. ऑपरेशनच्या आधी 'माझं पोट फाडायला माझी हरकत नाही' असं जे लिहून द्यावं लागतं, ते तिच्या टेबलावर लिहून द्यायचं. टेबल कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीपाशी. त्याचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली तिने जुन्या फॉर्मची घडी सरकवली आहे.

आमच्या स्फाक्स शहरात हा फॉर्म फ्रेंचमध्ये छापतात. दोन पानं, मुंगीएवढं अक्षर. आजारी माणसाला एरवी फ्रेंच येत असलं तरी त्या वेळी येत नाही. म्हणून मावशी फॉर्म वाचतच नसे. तो उलटा ठेवायची आणि सुरू करायची, "बघा काका, तुम्हाला झोपवणार. उठल्यावर घसा कोरडा पडेल, घाबरायचं नाही. रक्त जाईल, थोडं जास्तही जाईल. हजारात एखादा उठतच नाही, हे मला सांगावंच लागतं, रागावू नका. आता बोला."

आणि काका बोलायचे, "इन्शाल्ला."

आता इथेच तर खरी गंमत आहे. डॉक्टरला तोंडावर 'नाही' म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. सगळ्यालाच इन्शाल्ला. गवंड्याला विचारा, मंगळवारी येशील का? इन्शाल्ला. मंगळवार जातो, गवंडी येत नाही, आणि त्याने फसवलं असंही कुणी म्हणत नाही. मावशीचं म्हणणं, इन्शाल्ला तीन असतात आणि ते ओळखण्याचा पगार तिला मिळतो.

पहिला तोकडा. 'शाल्ला!' पुढचं गिळलेलं, हात आधीच पेनाकडे. हा 'हो'. दुसरा मधेच ताणलेला, 'इन्शाऽऽल्ला', डोळे छताला. याचा अर्थ, हो, पण मला भीती वाटतेय, पुन्हा सांग आणि माझ्या बायकोला आत बोलाव. तिसरा सगळ्यात गोड. पूर्ण, स्वच्छ, एकही अक्षर न खाता, वर हसू, आणि शेवटी श्वास आत. हा 'नाही'. "माणूस एवढा सभ्य झाला ना," मावशी सांगायची, "की समजावं, त्याच्या चपला दाराकडे वळल्या."

मला तिन्ही येतात. माझ्या तिसऱ्या इन्शाल्लावर एकदा आमच्या मासेवाल्याने भाव उतरवला होता. शाळा सुटली की मी मावशीकडे जाऊन बसते, तिची वेळ संपली की दोघी घरी येतो. मला पोपट म्हणते ती, आणि कौतुकाने नाही.

सप्टेंबरात शिराज आली.

पंचवीस वर्षांची, राजधानीची, डाळिंबी नखं. तिच्या हातात टॅब होता आणि टॅबमध्ये सगळे फॉर्म. हर्नियाचा, पित्ताशयाचा, मोतीबिंदूचा. नाव टाकलं की योग्य तो फॉर्म आपोआप उघडतो, कुणी काय वाचलं, किती वाजता सही केली, सगळं नोंदलं जातं, आणि काहीच हरवत नाही. मावशीच्या कपाटात एका लिबियन बाईचा फॉर्म सहा महिने सापडत नव्हता, ही गोष्ट दवाखान्याचे मॅनेजर लुत्फीसाहेब, आमच्याकडच्या भाषेत सी लुत्फी, सगळ्यांसमोर हसत हसत सांगायचे. त्यांनी एक दिवस मावशीला, लल्ला म्हणजे बाई असं मानाने म्हणत, सांगून टाकलं, "लल्ला मुफीदा, या महिनाभरात सगळे फॉर्म शिराजच्या टॅबवर नीट चालले, तर तुम्हाला तळघरात चादरींच्या खोलीत काम देऊ. थंड आहे तिथे. बसायला खुर्चीही आहे."

"आणि माझं टेबल?"

"त्याचा पाय मोडकाच आहे ना."

तेव्हापासून मावशीच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याचा फॉर्म कुठल्याच टॅबमध्ये नव्हता.

"आज ती 'काका' म्हणाली," घरी आल्यावर पर्स आपटून मावशी सांगायची. "काका! काका मी म्हणते!"

"मावशी, सगळेच म्हणतात."

"तसं नाही म्हणत."

दुसऱ्या दिवशी, "तिचा आवाज ऐकलास? साखरेत घोळवलेला. आणि पेशंट बघ कसे मान वाकडी करून ऐकतात, मेले. माझ्यासमोर बसून बावीस वर्षं भिंतीकडे बघितलं त्यांनी."

एका बरी झालेल्या बाईने मकरूदचा, म्हणजे खजुराच्या मिठाईचा, डबा आणला. असे डबे आजवर मावशीच्याच टेबलावर यायचे. ही बाई सरळ शिराजकडे गेली. शिराजने डबा उघडून पहिला तुकडा मावशीपुढे धरला, "घ्या ना, लल्ला मुफीदा." मावशीने खाल्ला आणि म्हणाली, "खजूर मागच्या वर्षीचा आहे." मग आणखी दोन खाल्ले.

पण सगळ्यात जास्त चीड तिला टॅबच्या आवाजाची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी टॅब स्वतःच फॉर्म वाचून दाखवतो, तोही शुद्ध पुस्तकी अरबीत, बातम्या दिल्यासारखा. मी तो घरी करून दाखवायची, नाकातून: "हे मान्यवर रुग्ण! सदर शस्त्रक्रियेपश्चात उद्भवू शकणाऱ्या संभाव्य गुंतागुंतींचे आपणांस सम्यक आकलन झाले आहे काय?" मावशी एवढी हसायची की डोळे पुसायची. मग हसू थांबायचं आणि म्हणायची, "आता शिराज कर." मी करायची. तेव्हा मात्र ती हसत नसे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हाज बूबकर आले. करकन्ना बेटावरचे, सत्तरीचे, समुद्रात मडकी टाकून ऑक्टोपस धरणारे. हर्निया. बरोबर त्यांचा मुलगा मुनीर, इस्त्री केलेल्या शर्टात, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारा. मी मावशीच्या टेबलाशी होते. शिराज समोरच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसली आणि तिने आवाज लावला. हाज ताडकन उठून उभेच राहिले. नमाजाला उभं राहिल्यासारखे दोन्ही हात पुढे बांधून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "आमीन."

मी तोंडावर स्कार्फ दाबला.

"काका, समजलं ना सगळं?" शिराज म्हणाली. "मान्य आहे?"

हाज हसले. सगळे दात दिसले, होते तेवढे. आणि म्हणाले, "इन्शाल्ला."

पूर्ण. स्वच्छ. श्वास आत.

तिसरा. इतका शुद्ध तिसरा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"मान्य आहे हो," मुनीर म्हणाला. "बाबा, बोट ठेवा."

शिराजने 'हो'चा चौकोन दाबला. दोनच चौकोन होते, हो आणि नाही. हाजने बोट ठेवलं, पण दोरखंड ओढून ओढून त्यांच्या बोटाचं कातडं असं झालं होतं की काचेला ते बोट वाटेचना. चौथ्या खेपेला सही उमटली. सही कसली, ऑक्टोपसची एक तंगडी आली होती.

मी बोलायला तोंड उघडलं. मावशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. दुखेल इतका दाबला.

घरी येताना ती गुणगुणत होती. महिन्याभरात पहिल्यांदा. वाटेत तिने बदामही घेतले, चहात टाकायला.

"उद्या सकाळी आठला बघ," ती म्हणाली. "तो माणूस ट्रॉलीवर उठून बसेल आणि म्हणेल, मी कुठे हो म्हणालो? मग सगळा दवाखाना विचारेल, हो लिहिलं कुणी? मग बोलवा तुमच्या त्या 'हे मान्यवर रुग्ण'वाल्या टॅबला!"

"आणि नाही उठून बसला तर?"

"म्हणजे?"

"ट्रॉलीवरही तो गोडच बोलला तर? सुई टोचेपर्यंत इन्शाल्लाच म्हणत राहिला तर?"

"तू गप्प बस, पोपट."

जेवताना मात्र तीच म्हणाली, "म्हण बघू. कसा म्हणाला तो?"

मी म्हटलं.

"नाही. शेवट चुकतोय तुझा. श्वास असा ओढायचा नाही, असा गिळायचा. बघ..." आणि तिने स्वतः म्हणून दाखवला. घरात हाज बूबकरच येऊन बसल्यासारखे वाटले. मावशीने हातातला पाव ताटलीत ठेवला. नंतर तिने काही खाल्लं नाही. बदाम तसेच पुडीत राहिले.

सकाळी सात वाजता आम्ही दवाखान्यात. माझ्या शाळेला तासभर होता. हाज हिरवा गाऊन घालून कॉटवर बसले होते, हसत. मावशीने स्टूल ओढलं. ऑपरेशनचं नावही काढलं नाही.

"हाज, यंदा मडकी कोण टाकतंय?"

हाजचं हसू गेलं.

"कोण टाकणार, पोरी? चार दिवसांत मोसम उघडतोय. पाचशे मडकी किनाऱ्यावर पडलीत. मुनीरला मडकं आणि फुलदाणी यातला फरक कळत नाही."

"मग हे?"

"हे मोसम झाल्यावर. पण डॉक्टर इतकं गोड बोलले. पोराने पैसे भरलेत. तोंडावर कसं सांगू?"

"मला सांगितलंत ना? झालं तर."

ती उठली आणि सरळ कॉरिडॉरमध्ये गेली. तिथे शिराज होती, सर्जन डॉक्टर शाकेर होते आणि सी लुत्फी होते. मावशीने रात्रभर काय काय वाक्यं जुळवली होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यातलं एवढंच बाहेर पडलं, "काचेवर हो लिहिलंय. माणूस नाही म्हणालाय."

"काल चार वाजून दहा मिनिटांनी सही आहे त्याची!" डॉक्टर म्हणाले.

"आत जाऊन बघा. तुम्ही विचारा. मोसमानंतर करू का, असं विचारा. बाकी काही नको."

डॉक्टर आत गेले. बाहेर आले तेव्हा टोपी काढत होते. "पट्टा देतो त्याला. जड उचलणार नाही म्हणालाय. जानेवारीत येईल."

"शपथ घ्यायला लावा," मावशी म्हणाली. "इन्शाल्ला चालणार नाही."

शिराजने टॅबवर 'संमती मागे घेतली' दाबलं. मावशीच्या कागदाचं असं झालं असतं तर तिने तो फाडून टोपलीत टाकला असता. इथे मात्र दोन्ही ओळी एकाखाली एक राहिल्या, कालचा हो आणि आजचा नाही, वेळेसकट, नावासकट. सी लुत्फींनी त्या वाचल्या.

"हा 'हो' कुणी टाकला?"

मावशीने श्वास घेतला. याच क्षणासाठी तिने काल बदाम घेतले होते. पण शिराजच आधी बोलली.

"मी. ते इन्शाल्ला म्हणाले आणि मी हो दाबलं. मला ऐकू आलं नाही ते. लल्ला मुफीदांना येतं."

सी लुत्फी मावशीकडे वळले. "काल तुम्ही इथेच होतात ना?"

"होते."

"मग कालच का नाही सांगितलंत?"

माझा गुडघा पुन्हा दुखायला लागला. मावशी टेबलाकडे बघत होती, त्या आखूड पायाकडे.

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली.

सी लुत्फींनी मान पुन्हा टॅबकडे वळवली. शिराज मात्र तिच्याकडे बघत राहिली, आणि तिला कळलं. सगळं कळलं. तरी ती रागावली नाही, आणि मावशीला हेच सगळ्यात जास्त झोंबलं.

पुढच्या सोमवारी टॅबवर तिसरा चौकोन आला. नारिंगी. त्यावर लिहिलं होतं: इन्शाल्ला. तो दाबला की फॉर्म बंद होतो आणि मुफीदामावशी पेशंटशी बोलून स्वतःचा गुप्त आकडा टाकेपर्यंत उघडत नाही. चादरींची खोली रद्द झाली. टेबल राहिलं. सुताराने त्याचा पाय सरळ केला, तर आता ते उलट्या बाजूला डुगडुगतं.

तुम्हाला वाटेल, मावशी खूश झाली असेल.

"राजधानीतून कंपनीची माणसं आली होती आज," ती चहाचा कप आपटून म्हणाली. "सगळे शिराजची पाठ थोपटतायत. काय छान कल्पना, मादमोआझेल! काय छान चौकोन! कान माझा, चौकोन तिचा! नारिंगी! मला विचारलं असतं तर मी हिरवा सांगितला असता."

आणि शिराज आता रोज स्टूल घेऊन मावशीच्या टेबलाशी येऊन बसते. शिकायला. मावशी तिला काहीही शिकवत नाही. पेशंटशी बोलताना मुद्दाम हळू आवाजात बोलते, पाठ फिरवून बसते. शिराज वाकून ऐकते.

परवा मी पोचले तर मावशी एकटीच निघाली होती, माझी वाट न बघता. मी धावत तिला गाठलं. चहा झाला, बदाम पडले, कप निवला.

"आज एक बाई आली होती," शेवटी म्हणाली. "गर्भाशयाच्या ऑपरेशनची. इन्शाल्ला म्हणाली. मी अजून वळतेय, तोवर ही पोरगी म्हणते, 'लल्ला मुफीदा, हे "नाही" होतं ना?'"

"आणि होतं?"

"होतं."

"मग चांगलंच झालं की!"

मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी माझा कप उचलला.

"कर बघू," ती म्हणाली. "ती कशी म्हणाली ते."

"मी नव्हते तिथे."

"तरी कर."

मी शिराजचा आवाज काढला, साखरेत घोळवलेला. "लल्ला मुफीदा, हे 'नाही' होतं ना?"

"नाही जमलं. 'ना' असा तोडत नाही ती. जरासा ओढते, आणि शेवटी खाली सोडते, विचारतच नसल्यासारखा. आधीच माहीत असल्यासारखा. पुन्हा कर."

मी पुन्हा केला.

"अजून थोडा खाली."

मी तिसऱ्यांदा केला तेव्हा मावशीने डोळे मिटले. बरोबर आला होता. तिने पुन्हा करायला सांगितलं.