पंचांची खुर्ची

क्लबच्या मैदानावर टेनिसच्या स्पर्धा व्हायच्या, तेव्हा मी चहा द्यायला जायची. पंच उंच खुर्चीवर बसत. स्पर्धा बंद पडल्या, गवत माजलं, खुर्ची तेवढी राहिली. आज भंगारवाला ती न्यायला आला. मला काय झालं कोण जाणे, पदर खोचून मी वर चढून बसले.

"वहिनी, उतरा की! लोक हसतील," वॉचमन ओरडला.

"हसू देत. खुर्ची जायची नाही."

माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. वरून गवतात चुन्याची एक पुसट रेष दिसली. इथं माणसं जीव तोडून खेळली. त्याची एवढीशी खूणही कुणाला का खुपावी?

भंगारवाला उद्या येतो म्हणाला. येऊ दे. मी भाकरी बांधून घेऊनच वर चढणार आहे.